मुलाने विचारल्याशिवाय सुरू न होणारी गोष्ट



सणावर निबंध लिहायचा म्हटलं की आपली एक ठरलेली चौकट असते. सण कोणत्या महिन्यात येतो, का साजरा करतात, त्या दिवशी काय गोडधोड करतात आणि शेवटी 'असा हा सण मला खूप आवडतो'. मुलं दहा ओळी लिहून मोकळी होतात, आपण लाल पेनाने बरोबरची खूण करून मोकळे होतो. आज मी ज्या सणाबद्दल लिहिणार आहे, तो या चौकटीत मावत नाही. तो आहे यहुदी लोकांचा पेसाख. जगात त्याला पासओव्हर म्हणतात आणि मराठी बायबलमध्ये त्याला फार नेमकं नाव आहे, 'वल्हांडण सण'. वल्हांडणे म्हणजे ओलांडून पुढे जाणे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या सणामागची गोष्ट दोन हजारांहून अधिक वर्षे घराघरांत सांगितली जात आहे. ती नुसत्या पाठांतराने टिकली नाही. घरातल्या मुलाने प्रश्न विचारावा आणि त्याला उत्तर म्हणून ती सांगावी, अशी तिची मांडणीच केलेली आहे, म्हणून ती टिकली. आपण मात्र गोष्टी सोप्या करण्याच्या नादात त्यांतले अवघड भाग गाळतो आणि त्यांच्याबरोबर मुलांचे प्रश्नही गाळून टाकतो. ही गोष्ट वर्गात सांगायची असेल तर पूर्ण सांगा, आणि अडचणीचा प्रश्न आला तर तो थांबवू नका.

आधी गोष्ट ऐका

ही गोष्ट बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकात आहे. निर्गम म्हणजे बाहेर पडणे. देश मिसर, म्हणजे आजचा इजिप्त. दुष्काळामुळे याकोबाचं कुटुंब तिथे येऊन राहिलं होतं. त्याचा मुलगा योसेफ राजाचा मोठा अधिकारी होता, त्यामुळे सगळं ठीक चाललं होतं. पुढे पिढ्या गेल्या. योसेफाची ओळख नसलेला नवा राजा गादीवर आला. त्या राजाला 'फारो' म्हणत. त्याला वाटलं, हे इस्राएली लोक फार वाढले आहेत, उद्या शत्रूला मिळाले तर? आणि त्याने त्यांना गुलाम केलं. चिखल मळायचा, विटा पाडायच्या, पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरं बांधायची.

तरीही लोक वाढतच होते. मग राजाने शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींना बोलावून हुकूम दिला, की इस्राएली बाईला मुलगा झाला तर त्याला तिथेच मारून टाका. दोघींनी ते केलं नाही. राजाने जाब विचारला तेव्हा त्यांनी सांगितलं की या बायका फार धट्ट्याकट्ट्या आहेत, आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात! इथे मी मुलांना एक गोष्ट आवर्जून दाखवते. या अख्ख्या पुस्तकात इतक्या बलाढ्य राजाचं नाव कुठेही दिलेलं नाही, तो नुसता 'फारो' आहे. पण हुकूम न मानणाऱ्या दोन सुइणींची नावं मात्र लिहून ठेवली आहेत.

मग राजाने सगळ्यांनाच सांगितलं की मुलगे नदीत टाका. एका आईने आपलं बाळ तीन महिने लपवलं. पुढे लपवता येईना तेव्हा तिने लव्हाळ्यांची पेटी विणली, तिला डांबर आणि राळ फासली आणि बाळ त्यात घालून नील नदीच्या काठच्या लव्हाळ्यांत ठेवलं. वर्गात इथे कुणीतरी हमखास ओरडतं, "बाई, कर्णासारखं!" ओरडू द्या. मग विचारा, दोन्ही गोष्टींत फरक काय? कुंतीने बाळ सोडलं ते लोकलाजेपोटी, या आईने सोडलं ते जीव वाचवण्यासाठी. आणि इथे बाळाची बहीण दूर उभी राहून लक्ष ठेवत होती. राजकन्येला ते बाळ सापडलं. बहीण पुढे झाली आणि म्हणाली, याला पाजायला एखादी बाई आणू का? तिने आणली ती बाळाचीच आई. राजकन्येने त्या आईला पगार देऊन तिचंच मूल सांभाळायला दिलं. ते बाळ म्हणजे मोशे.

मोशे राजवाड्यात वाढला. एकदा एक मिसरी माणूस इस्राएली मजुराला मारत होता ते त्याने पाहिलं आणि त्या मिसऱ्याला ठार केलं. मग तो मिद्यान देशात पळून गेला आणि मेंढरं राखू लागला. तिथे जळत असूनही भस्म न होणाऱ्या झुडपातून देवाने त्याला हाक मारली आणि सांगितलं, जा, लोकांना सोडवून आण. मोशे काही लगेच तयार झाला नाही. मी कोण? लोक विश्वास ठेवतील का? मला धड बोलताही येत नाही! शेवटी भाऊ अहरोन याला सोबत घेऊन तो निघाला.

फारोने लोकांना सोडणं तर सोडाच, उलट जाच वाढवला. त्या काळी मिसरमध्ये विटा चिखलात गवताचं भुसकट कालवून उन्हात वाळवत. भुसकटामुळे चिखल धरून राहतो, वीट तडकत नाही. फारोने सांगितलं की यापुढे भुसकट मिळणार नाही, ते तुमचं तुम्ही गोळा करा, पण विटा मात्र रोज तेवढ्याच झाल्या पाहिजेत. जुलूम कसा चालतो हे समजावून सांगायला एवढं एक उदाहरण पुरे.

मग दहा पीडा आल्या. पाण्याचं रक्त झालं. बेडूक, उवा, माशांचे थवे, गुरांची मरी, अंगावर फोड, गारा, टोळधाड, तीन दिवसांचा काळोख. दर वेळी फारो नाही म्हणत राहिला. दहावी पीडा म्हणजे मिसरमधल्या प्रत्येक घरातल्या थोरल्या मुलाचा मृत्यू. इस्राएली लोकांनी कोकरू कापून त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावायचं होतं. ज्या दारावर ती खूण असेल ते घर वल्हांडून संकट पुढे जाईल. सणाचं नाव यावरूनच आलं.

त्या रात्री फारोने लोकांना निघून जायला सांगितलं. घाई इतकी, की भिजवलेलं पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही. तसंच कणकेचं ओझं खांद्यावर घेऊन लोक निघाले आणि वाटेत त्याच्या बेखमीर भाकरी भाजल्या. मग फारोचं मन पालटलं. तो सहाशे निवडक रथ घेऊन पाठलागावर आला. पुढे समुद्र, मागे रथ. समुद्र दुभंगला, लोक कोरड्या वाटेने पार झाले आणि पाणी परत एक झालं तेव्हा सैन्य बुडालं. पलीकडच्या काठावर मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन नाचली.

आता ती रात्र पाहा

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, निदान सिनेमामुळे तरी. मला खरं सांगायचं आहे ते पुढचं.

गोष्टीत लोक अजून मिसरमध्येच आहेत. दहावी पीडा यायची आहे, कुणी सुटलेलं नाही. आणि मोशे त्यांना काय सांगतो? उद्या तुमची मुलं तुम्हांला विचारतील की हे सगळं तुम्ही का करता, तेव्हा त्यांना काय सांगायचं ते आताच ऐकून ठेवा. सुटका व्हायच्या आधीच पुढच्या पिढीच्या प्रश्नाची तयारी! शिक्षक म्हणून मला हा या गोष्टीतला सर्वांत मोठा चमत्कार वाटतो, समुद्र दुभंगण्यापेक्षाही मोठा.

यहुदी निसान महिन्याच्या पंधराव्या रात्री, पौर्णिमेला, घरोघरी 'सेदर' नावाचं जेवण होतं. सेदर म्हणजे क्रम. त्या वेळी जे पुस्तक वाचतात त्याला 'हग्गादा' म्हणतात, म्हणजे सांगणे. हा सण वसंतातच यावा म्हणून त्यांच्या चांद्र पंचांगात दर १९ वर्षांत सात वेळा जास्तीचा महिना धरतात. आपल्या अधिक मासासारखंच. भूगोल आणि गणिताच्या शिक्षकांनी याचा जरूर उपयोग करावा.

ताटात काय असतं? मत्सा, म्हणजे न फुगवलेली पातळ भाकरी. गुलामीच्या कडवटपणासाठी कडू पाला. अश्रूंची आठवण म्हणून मिठाचं पाणी. विटांच्या चिखलासारखं दिसणारं फळांचं गोड वाटण. एक हाड, एक अंडं. आपल्या मुलांना यात एक अडचण येते बरं का. आपली भाकरी-चपाती रोज बेखमीरच असते, त्यामुळे "त्यात काय विशेष?" असं ती विचारतात. अगदी बरोबर प्रश्न आहे! त्यांना सांगा की तिकडे रोजचं खाणं पावासारखं फुगलेलं असे. मत्साच्या पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून झाली पाहिजे असा नियम आहे. घाईची आठवण त्यांनी घड्याळात धरून ठेवली आहे.

हे सगळं मांडलेलं असलं तरी गोष्ट सुरू होत नाही. घरातलं सर्वांत लहान मूल विचारतं, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? आज हीच भाकरी का? कडू पाला का? दोनदा का बुडवून खायचं? रेलून का बसायचं? तेव्हा कुठे मोठी माणसं बोलायला लागतात.

आणि मुलाने विचारावं म्हणून काय काय युक्त्या केल्या आहेत पाहा. जेवणाआधीच भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून देतात, कारण हे विचित्र दिसतं आणि मूल विचारतं. मत्साचा एक तुकडा लपवून ठेवतात आणि तो शोधण्यासाठी मुलं जागी राहतात. रब्बी अकिवा नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. ते या रात्री मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटत, झोपू नयेत आणि विचारावं म्हणून, असं तालमूदमध्ये लिहिलं आहे. तिथे आणखी एक नियम आहे. घरात मूल नसेल तर बायकोने विचारावं. माणूस एकटाच असेल तर त्याने स्वतःलाच विचारावं. सगळं ठाऊक असलेले दोन विद्वान बसले असतील तर त्यांनीही एकमेकांना विचारावं. म्हणजे उत्तर येत असलं तरी प्रश्नाला सुट्टी नाही.

आता मला सांगा, आपल्या पाठ टाचणात मुलांच्या प्रश्नासाठी किती मिनिटं असतात? तास सुरू झाला की आपण शीर्षक फळ्यावर लिहितो आणि उत्तर सांगायला लागतो. प्रश्न येतात ते स्वाध्यायात, तेही आपलेच.

बाकावरची चार मुलं

हग्गादामध्ये चार मुलांचं वर्णन आहे. एक शहाणा, सगळे नियम बारकाईने विचारणारा. दुसरा दुष्ट, 'तुम्ही हे कशाला करता?' असं तुटकपणे विचारणारा. तिसरा साधा, 'हे काय?' एवढंच विचारणारा. आणि चौथा, ज्याला विचारताच येत नाही. चौघांना चार वेगळी उत्तरं द्यायची आहेत.

आपल्या वर्गात ही चौघंही असतात, हो की नाही? पहिल्यावर आपण खूश असतो. तिसऱ्याला सांभाळून घेतो. दुसऱ्याला बाहेर उभं करतो. चौथा आपल्याला दिसतच नाही, कारण तो त्रास देत नाही.

हग्गादामध्ये दुसऱ्याला दिलेलं उत्तर फार कडक आहे. तू तिथे असतास तर तुझी सुटका झाली नसती, असं त्याला सुनावलं आहे. शिक्षक म्हणून मला ते उत्तर पटत नाही. वाकडा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आधी जवळ घ्यायला हवं. पण एक गोष्ट नाकारता येत नाही, की त्याला ताटावरून उठवलेलं नाही. तो पंगतीत बसूनच आहे आणि त्याचा प्रश्न दर वर्षी वाचला जातो. चौथ्याबद्दल सांगितलं आहे की त्याच्यासाठी बोलायला तूच सुरुवात कर. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ 'त्याला कळलं' असा काढायचा नाही. आपल्यापैकी किती जण असा अर्थ रोज काढतो!

त्या मुलांची काय चूक होती?

आता अवघड भागाकडे येऊ. सहावीच्या वर्गात ही गोष्ट सांगताना दहाव्या पीडेपाशी एका मुलीने विचारलं, "बाई, राजा वाईट होता. पण त्या मुलांची काय चूक होती?" वर्ग एकदम शांत झाला.

बरेच जण हा भाग गाळून गोष्ट सांगतात. 'मग संकट आलं आणि राजा घाबरला' असं म्हणून पुढे जातात. मला हे योग्य वाटत नाही. कारण मूळ गोष्ट स्वतःच काही लपवत नाही. गादीवरच्या फारोच्या मुलापासून तुरुंगातल्या कैद्याच्या मुलापर्यंत सगळ्यांवर हे संकट आलं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. जात्याशी बसून दळणाऱ्या दासीच्या मुलाचाही उल्लेख आहे. त्या दासीने कुणावर जुलूम केला होता? फारोचं मन कठीण होण्याबद्दलही असंच आहे. आधीच्या पीडांत त्याने स्वतः मन कठीण केलं असं येतं आणि पुढे देवाने ते कठीण केलं असं येतं. मग दोष कुणाचा? यहुदी विद्वान या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घालत आले आहेत.

मग त्या मुलीला काय सांगायचं? मी तिला सांगितलं की तुझ्याआधी पुष्कळांना हा प्रश्न पडला आहे आणि त्यांनी तो सणातच ठेवला आहे. सेदरच्या रात्री दहा पीडांची नावं घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला द्राक्षारसाचा एक थेंब बाहेर काढतात. याचं एक प्रसिद्ध स्पष्टीकरण असं, की शत्रूचं का होईना, कुणाचं तरी दुःख झालं, म्हणून आपला आनंदाचा पेला तेवढा कमी. घरातल्या थोरल्या मुलाने सणाच्या आदल्या दिवशी उपवास धरायचीही प्रथा आहे. आणि तालमूदमध्ये एक कथा आहे. मिसरी सैन्य बुडत असताना देवदूत गाणं म्हणायला निघाले, तेव्हा देवाने त्यांना अडवलं. माझीच लेकरं बुडत आहेत आणि तुम्ही गाता काय, अशा अर्थाचं तो बोलला.

हे ऐकून त्या मुलीचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, "थेंब कमी केला तरी मुलं गेलीच ना." मी म्हटलं, हो, गेलीच. त्यावर वर्गात जी चर्चा झाली ती कुठल्याही मूल्यशिक्षणाच्या तासाला झाली नसती. आपण जिंकलो तरी समोरच्याच्या घरात कुणी रडत असतं, हे अकरा वर्षांच्या मुलांना कळतं. फक्त आपण त्यांना ते बोलू द्यायला हवं.

गोष्ट कापणारे लोक

गोष्ट गाळून सांगण्याबद्दल मी एवढी का बोलते, त्यालाही कारण आहे. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं. ते ब्रिटिशांच्या ताब्यातल्या वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी होतं. त्यातून निवडून निवडून भाग गाळले होते. कोणते असतील? मिसरमधून गुलाम सुटल्याची ही गोष्टच त्यात नाही! गुलामांनी ती वाचली तर ते काय विचारतील, हे छापणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

पण गोष्ट लपत नाही. अमेरिकेतले गुलाम तिची गाणी गात होते. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये स्वतः गुलामीतून पळाली आणि नंतर पुन्हा पुन्हा परत जाऊन तिने सुमारे ७० जणांना बाहेर काढलं. लोक तिला 'मोझेस' म्हणत, म्हणजे मोशे.

ज्यांना गुलाम ठेवायचे होते त्यांनी गोष्ट कापली. आपण काही त्या हेतूने कापत नाही, हे मान्य. आपण प्रेमापोटी कापतो, वेळ नाही म्हणून कापतो. पण मुलापर्यंत पोचते ती कापलेली गोष्टच.

'हे खरंच घडलं का?'

हा प्रश्नही येतोच, विशेषतः आठवी-नववीत. सरळ उत्तर द्या. आजवर सापडलेल्या इजिप्तच्या लेखांत या निर्गमाचा उल्लेख मिळालेला नाही. 'इस्राएल' हे नाव मात्र एका शिलालेखात आहे. तो फारो मेर्नेप्ताह याचा, इ.स.पूर्व सुमारे १२०८ मधला. फ्लिंडर्स पेट्री या संशोधकाला तो १८९६ मध्ये सापडला. त्यावरून एवढंच कळतं की तेव्हा कनान प्रदेशात या नावाचे लोक होते. श्रद्धा असणाऱ्यांसाठी ही घडलेली गोष्ट आहे, इतिहासकारांसाठी अजून चर्चेचा विषय आहे. हे दोन्ही मुलांना सांगता येतं. त्याने कुणाचा अपमान होत नाही, आणि पुरावा म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

ही गोष्ट मराठीतही सांगितली गेली आहे

"दुसऱ्यांच्या धर्माची गोष्ट आपल्या वर्गात कशाला?" असं काही पालक विचारतात. एक तर ही गोष्ट जगातल्या निम्म्याहून अधिक लोकांची आहे. यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम, तिन्ही परंपरांत मोशे आहे, कुराणात तो मूसा म्हणून येतो. दुसरं म्हणजे ती मराठीला परकी नाही.

रायगड जिल्ह्यातल्या गावांत बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे राहिले. अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. घरची भाषा मराठी, आडनावं किहीमवरून केहिमकर अशी गावावरून पडलेली, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आता या शनिवारच्या सुट्टीचं एक कारण बायबलमध्ये काय दिलं आहे? तुम्ही मिसरमध्ये गुलाम होता हे आठवा, म्हणून तुमच्या नोकरांना, दासींना आणि बैलांनाही त्या दिवशी विश्रांती द्या. गुलामीची आठवण बदल्यात नाही, सुट्टीच्या हक्कात उतरली. आणि ती सुट्टी कोकणातल्या घाण्यापर्यंत पोचली!

या लोकांसाठी मराठी भाषांतरासह हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली आणि १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या हग्गादात मत्सा तयार करणाऱ्या बायकांचं चित्र आहे आणि त्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. पुढे बेने इस्राएल मंडळींनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंही केली. म्हणजे मुलाने मराठीत विचारावं आणि वडिलांनी मराठीत सांगावं, हे आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच होत होतं.

वर्गात आणि घरी काय करता येईल

लहान गटाला, पहिली ते चौथी, लव्हाळ्यांची पेटी आणि बहीण यांच्यावर भर देऊन गोष्ट सांगा. दहावी पीडा रंगवून सांगायची गरज नाही. पण "राजा शेवटी का तयार झाला?" असं मुलाने विचारलं तर खोटं सांगू नका. 'त्यांच्या घरातली मुलं गेली' एवढं सांगा आणि मूल काय म्हणतं ते ऐका.

मोठ्या गटात गोष्ट सांगायच्या आधी टेबलावर चार वस्तू ठेवा. मिठाचं पाणी, मेथीची किंवा कारल्याची कडू भाजी, एक भाकरी आणि एक पाव. काही बोलू नका. पहिला प्रश्न येईपर्यंत थांबा. दोन मिनिटं लागतील, कदाचित पाच. शिक्षकाला ही पाच मिनिटं फार जड जातात, पण थांबा.

निबंध लिहून घ्यायचा असेल तर 'पासओव्हर सणाची माहिती लिहा' असं देऊ नका. 'शिप्राने घरी जाऊन आपल्या मुलीला काय सांगितलं असेल?' असं द्या. किंवा 'ही गोष्ट ऐकून तुला पडलेला, बाईंनाही उत्तर न आलेला एक प्रश्न लिही.' गुण त्या प्रश्नाला द्या.

आणि पालकांनो, आपल्या घरातही सण असतात. गुढी का उभारायची, कडुनिंब का खायचा, बैलपोळ्याला बैलाला कामाला का जुंपत नाहीत? मुलाने विचारलं की "असंच असतं, आपली पद्धत आहे" असं म्हणून मोकळे होऊ नका. ठाऊक असेल तर सांगा, ठाऊक नसेल तर दोघं मिळून आजीला विचारा. मूल विचारतच नसेल, तर त्या चौथ्या मुलासारखं त्याच्यासाठी तुम्हीच सुरुवात करा.

तुमच्या वर्गात या गोष्टीवर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते मला जरूर कळवा. उत्तरं नाही कळवली तरी चालेल.